कोलंबीच्या रोगाची माळ

आता कुठल्या तोंडानं सांगू तुम्हांला! पण चहा घेतलाय हातात, तर ऐका. मी एकदा प्लास्टिकच्या मण्यांनी साथ आणली. हसू नका! तेव्हा माझी पार गाळण उडाली होती.

आमची नात सायली कॉलेजात कोलंबीच्या रोगाचं शिकते. तिनं प्रदर्शनासाठी चार रंगांच्या मण्यांची लांबच लांब माळ ओवलीन. म्हटलं, "कुणाच्या लग्नाची गो?"

"आजोबा, हा कोलंबी मारणारा विषाणू. त्याच्या डीएनएत चारच अक्षरं, एकेक रंग म्हणजे एकेक अक्षर. हितं बघा, तीच ओळ पुन्हा पुन्हा येते. हितं उलटी येते, म्हणून धागा स्वतःवरच दुमडतो."

"नि एक मणी बदलला तर?"

"तर रोग आणखी जहालसुद्धा होईल! हात लावू नका हां!"

हात लावू नका? हे मला सांगायचं? ज्यानं भटजींच्या चपला माडावर टांगल्या, त्याला? ती बाजारात गेली नि मी धागा सोडून एका लालाच्या जागी निळा घातला. गुपचूप गाठ मारली.

वाइच वेळानं इस्माईलचा फोन. माझा शाळेपासूनचा दोस्त. पावसकडे खाडीला त्याचं कोलंबीचं तळं, त्यावरच सगळं घर चालतं.

"बाळ्या, कोलंबी सगळी वर आली रे! तडफडते! धाव!"

अरे देवा, दोस्ताचं तळं मीच मारलं! धावलो माळेकडं. निळा काढायचा, पण कुठला? जिथं बघावं तिथं तीच ओळ! तीच ती, तीच ती! घाम फुटला. आज कोलंबी, उद्या बांगडे, परवा माणसं!

इस्माईलला तोंड कसं दाखवू? फोन वाजत होता, तो तसाच टाकून देवळात पळालो नि गुरवाला सगळं भडाभडा सांगून टाकलं. "गुरवा, गाऱ्हाणं घाल! आत्ताच्या आत्ता!"

गुरवानं खणखणीत सुरू केलंन, "बा देवा म्हाराजा! ह्या लेकरानं रोगाचा मणी बदललान..."

"व्हय म्हाराजा!" बसलेली मंडळी ओरडली.

"इस्माईलच्या तळ्यात साथ सोडलीन..."

"व्हय म्हाराजा!" ह्यात सगळ्यांत मोठा आवाज माझा, तोही रडका!

"ती साथ माघारी घे रे म्हाराजा!"

"कसली साथ?" दारातून कोण? इस्माईल! मागं सायली.

"मेल्या, हवेचा पंप बंद पडला होता! कोलंबी गुदमरून वर आली. पंप लावला, गेली खाली. तू फोन उचलेनास, म्हटलं तूच मेलास की काय!"

सायली म्हणालीन, "आजोबा, माळ म्हणजे विषाणूचं नुसतं चित्र. वाघाच्या चित्राला शिंगं काढली म्हणून रानातल्या वाघाला फुटतात काय?"

सगळं देऊळ खो खो!

दुसऱ्या दिवशी इस्माईल मण्यांची पिशवी घेऊन दारात. "घे बाळ्या. आता अशी ओव, एकेक कोलंबी हातभर झाली पाहिजे."

आणि माझं खुळ्याचं काय सांगू! पिशवीत हात घालून मी विचारलं, "लालापासून धरू की निळ्यापासून?"