जेबेझ लम्बनं उभे केलेले कान

हॅलिफॅक्सच्या जेबेझ लम्बइतका कुत्र्यांचा तिटकारा असलेला माणूस यॉर्कशायरात शोधून सापडला नसता, आणि गावातल्या यच्चयावत लाडक्या कुत्र्यांची चित्रं काढायचा तोच! तांब्याच्या पत्र्यावर मेण चढवायचं, सुईनं केसन् केस कोरायचा, पत्रा ॲसिडात बुडवायचा, मग ओल्या कागदावर छाप काढायचे. त्याला खरी शिसारी यायची मालकांची. एक बाई आपल्या कपातला चहा कुत्र्याला चाटू द्यायची आणि उरलेला स्वतः प्यायची. जेबेझ आठवडाभर चहाला शिवला नाही!

लोकरीचा व्यापारी इनॉक सग्डन आपली पांढरी कुत्री फ्लॉस घेऊन आला. तिचे कान पडलेले. त्या काळी कुत्र्याचे कान टोकदार असावे लागत, नसले तर कापून करत.

"लम्ब, चित्रात कान उभे कर," सग्डन म्हणाला.

"नाहीत ते कसे करू, साहेब?"

"चार रेघांचा तर प्रश्न! हात झिजतो काय?"

जेबेझनं नाक मुरडलं आणि चार रेघा ओढल्या.

सग्डननं छाप केझाया होल्टबाईंच्या गुत्त्यात लावला. मंगळवारी तो तणतणत परत आला.

"सगळे हसतात रे! म्हणतात, ही कुणाची कुत्री? शनिवारी कात्रीवाला बोलावलाय. कान चित्राबरहुकूम करून टाकतो."

या वेळी जेबेझला किळस आली ती स्वतःचीच. कात्रीची खूण त्याच्याच सुईनं करून ठेवली होती.

सग्डन गेल्यावर त्यानं पत्र्यावरचे कान खरवडले. तिथं खड्डा पडला, तो मागून ठोकून वर आणला, घासून गुळगुळीत केला, पुन्हा मेण, पुन्हा सुई, पुन्हा ॲसिड. तीन दिवस बोटं पिवळी. शनिवारी दुपारी गिरण्या सुटल्या तेव्हा तो नवा छाप घेऊन गुत्त्यात शिरला. कात्रीवाला बियर पीत होता. फ्लॉस टेबलाखाली कुणीतरी टाकलेलं आतडं चघळत होती.

"जुनं चित्र खोटं होतं," जेबेझ सगळ्यांदेखत म्हणाला. "मी खोटं काढलं. हे खरं."

"अरे, ही तर आपली फ्लॉस!" दोघंतिघं ओरडले.

सग्डन लालबुंद झाला. "तुला आता या गावात कोण काम देईल? आण तो जुना पत्रा, मी दुसऱ्याकडून छापून घेतो!"

"जुना पत्रा उरलाच नाही. कान मी खरवडलेत."

"मग मी कुत्रीचेच कापतो!"

होल्टबाईंनी भिंतीवर सग्डननंच लावलेल्या त्याच्या तसबिरीकडे बोट दाखवलं. रंगाऱ्यानं त्या ढेरपोट्याला कमरेत बारीक काढलं होतं. "कात्रीवाल्या दादा, आधी साहेबांचं पोट घे हो चित्राबरहुकूम. कुत्री थांबेल."

गुत्ता असा हसला की कात्रीवाल्याच्या नाकातून बियर आली. सग्डननं फ्लॉसला दोरीनं ओढलं आणि बाहेर पडला. कान जिथल्या तिथं.

जाता जाता फ्लॉसनं आतडं खाल्लेल्या तोंडानं जेबेझचा हात कोपरापर्यंत चाटला.

"शी! शी! शी!" जेबेझ किंचाळला आणि मागच्या अंगणातल्या पंपाकडे धावला.