एका खोलीला एक पिशवी

भोईवाड्यातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये कचऱ्यापेक्षा किस्से जास्त साठतात. कचरा निदान रोज सकाळी उचलला तरी जातो!

सुरुवात केली ती आमचे मालक गुप्ते यांनी. दारोदारचा कचरा उचलायला त्यांनी माणूस ठेवला आणि त्याचे पैसे आमच्या भाड्यात घातले. मी भाडेकरूंचा सेक्रेटरी, त्यामुळे भांडायला मलाच पुढे केलं.

गुप्ते शांतपणे म्हणाले, "खोली माझी, पण कचरा तुमचा. मी कशाला भरू?"

"आणि जिन्यात पडतं ते प्लास्टर कोणाचं?"

"पडेपर्यंत माझं!"

*

मग नियम आला. एका खोलीला एक पिशवी, जास्त झाली की जादा चार्ज. आम्ही पागडीवाले, आम्हाला हलवणं सोपं नाही. पण अकरा महिन्यांच्या करारावर राहणाऱ्यांना गुप्त्यांनी साफ सांगितलं, "दाराशी दुसरी पिशवी दिसली, तर खोली खाली करायची."

*

पहिल्याच रविवारी राणेवहिनींनी नियम मोडला. गुप्ते ओरडले तशा त्या बाहेर आल्या.

"कोळंबी सोललंय. सालां खंय टाकू, तुमच्या डोक्यार?"

चार्ज काही लागला नाही. संध्याकाळी वाटीभर कालवण मात्र मालकांकडे गेलं.

*

करारावर राहणारा निखिल जादा पिशवी ऑफिसच्या बॅगेतून नेऊन वाटेत कुठेतरी टाकायचा. एकदा टाकायला विसरला आणि तसाच एसीत मीटिंगला बसला. बॉस नाक धरून म्हणाला, "अरे, उंदीर मेलाय वाटतं!"

सगळ्यांबरोबर निखिलही टेबलाखाली उंदीर शोधत होता!

*

तळमजल्यावरचे शिंदे साताऱ्याकडचे. बायकोला कॅन्सर. परळच्या हॉस्पिटलात ट्रीटमेंट, म्हणून ही खोली अकरा महिन्यांच्या करारावर घेतलेली. इतक्या जवळ दुसरी परवडणारी नव्हती, ही खोली गेली तर ट्रीटमेंट अर्धवट सोडून गावी जायची वेळ.

ड्रेसिंग, डायपर, उलट्यांचे कपडे, एका पिशवीत काय काय मावणार? शिंदे एक पिशवी दाराशी ठेवायचे. बाकीच्या रोज बायकोबरोबर टॅक्सीत घालून हॉस्पिटलच्या डब्यात टाकून यायचे. ती बाई पिशव्या मांडीवर धरून बसायची. मला ते बघवायचं नाही.

गुप्त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. भर मीटिंगमध्ये ते म्हणाले, "शिंद्यांकडून शिका जरा! घरात आजारी माणूस, तरी दाराशी एकच पिशवी!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. शिंदे खाली मान घालून बसले होते.

*

गेल्या महिन्यात एका सकाळी शिंद्यांच्या दाराशी पिशव्यांची रांग लागलेली. गुप्ते तरातरा खाली आले, दार ठोठावलं. शिंद्यांनी उघडलं. मागे बायकोची खाट रिकामी, गादी गुंडाळून ठेवलेली.

"शिंदे, हे काय? तुम्हीसुद्धा? नियम विसरलात?"

"नाही मालक," शिंदे म्हणाले. "आजपासून हॉस्पिटलला जायचं नाही."