अगाथाची सही

अगाथा हुकिमॉला गावात कुणी घाबरत नसे, पण तिच्याशी खोटं बोलायची हिंमतही कुणाला होत नसे. नदीकाठच्या हिरव्या छपराच्या सरकारी दवाखान्यात तिने बावीस वर्षं काढली. काम दुभाष्याचं. दक्षिणेकडून आलेल्या गोऱ्या नर्सा वर्ष-दीड वर्षात पळून जात. त्यांना आमच्या, इथल्या मूळ रहिवाशांच्या क्री भाषेतलं ओ की ठो कळत नसे, आणि आमच्या म्हाताऱ्यांना इंग्रजी. मधे अगाथा. नर्स कडाडायची, "साखर अशीच राहिली तर पाय कापावा लागेल, सांग त्याला." अगाथा म्हाताऱ्याकडे वळून म्हणायची, "पोरीला तुमच्या पायाची फार काळजी लागलीय, मूशुम. थोडं ऐका तिचं." मूशुम म्हणजे आजोबा; म्हातारा खूश होऊन ऐकायचा, आणि बऱ्याचदा पाय शाबूत राहायचा.

एकच गोष्ट तिला अशी मऊ करून सांगता येत नसे. बाईला आठवा महिना सरत आला की नर्स कागद भरायची आणि बाईला विमानात बसवायची. शहरातल्या वसतिगृहात महिनाभर एकटीने कळांची वाट बघायची, मग हॉस्पिटल. घरचं कुणी सोबत नाही. बाळ-बाळंतिणीच्या भल्यासाठी म्हणे. अगाथाची आई एस्थर सुईण होती, अर्धं गाव तिच्या हातावर जन्मलेलं. हा नियम आला आणि ती रिकाम्या हातांनी घरी बसली.

अगाथाची लेक लॉरेटाही शहरातच झाली. कळा येत होत्या तेव्हा अगाथा क्रीमध्ये आईला हाका मारत होती. तिथल्या नर्सने सांगितलं, हळू, बाकीच्या पेशंटांना त्रास होतो. मग अगाथाने चादरीचा बोळा तोंडात धरला आणि आवाज न करता बाळंत झाली. त्या दिवसापासून तिच्या मनात एकच होतं. लॉरेटाचं मूल इथे जन्मलं पाहिजे, आपल्या माणसांत, पहिला शब्द क्रीमधला ऐकत.

आणि मग सरकारला एकदम शहाणपण सुचलं. तुमचे दवाखाने तुम्हीच चालवा, असं नवं धोरण निघालं. करार घेऊन हॅलवर्सन नावाचे साहेब आले. माणूस गोड. उकडलेलं हंसाचं मांस दोनदा मागून घेतलं, बॅनक रोटीच्या तुकड्याने ताटली पुसून खाल्ली, म्हाताऱ्यांच्या शेजारी जमिनीवर बसले. गाव हुरळून गेलं. एक सायलस म्हातारा तेवढा कुरकुरला.

"सरकार काही परत देतंय म्हणतेस," तो अगाथाला म्हणाला. "त्याने पाठीमागे काय ठेवलंय ते बघ की आधी."

"तुम्ही कधी कुणावर विश्वास ठेवलाय का हो?"

"तुझ्या मावशीवर ठेवला. लग्न करून बसलो."

लोक हसले आणि सायलसचं बोलणं हसण्यात गेलं.

सभागृहात सगळ्यांसमोर अगाथा उठली. लाल कापडात बांधलेला तंबाखू तिने दोन्ही हातांनी साहेबांपुढे धरला. पाद्र्यांनी कितीही हाकाटी केली तरी ही रीत आम्ही मोडलेली नाही. मागणं मागायचं आणि तंबाखू पुढे करायचा. समोरच्याला जमणार नसेल तर तो हात मागे घेतो, त्याचा कुणाला राग येत नाही. घेतला तर शब्द दिला. त्यापुढे कागद-बिगद लागत नाही.

"आमची मुलं इथे जन्मावीत," अगाथा इंग्रजीत म्हणाली. "एवढं करा."

हॅलवर्सन साहेबांनी तंबाखू घेतला. छातीशी धरला. डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, "हा माझा मोठा सन्मान आहे. मनापासून आभार."

अगाथा गावाकडे वळली आणि तिने क्रीमध्ये सांगितलं, "त्यांनी शब्द दिला."

ती खोटं बोलली नव्हती. तिने डोळ्यांनी पाहिलं ते सांगितलं होतं. करार सत्तर पानांचा होता, आणि त्या संध्याकाळनंतर तो वाचायची गरज कुणालाच वाटली नाही. अगाथा घरोघर फिरली. कुणी का-कू केलं तर म्हणायची, "अगं, माझ्यासमोर घेतला तंबाखू, आणखी काय हवं?" तिच्या शब्दावर गावाने होकार दिला. दवाखान्यावर गावाची पाटी लागली आणि समितीने अगाथालाच प्रमुख केलं. एस्थर म्हातारी मान हलवत दोन तरुण पोरींना पोटावर हात ठेवून बाळ कसं ओळखायचं ते शिकवायला बसली. नंतर त्या पोरी शहरात जाऊन सुईणपणाचं रीतसर शिक्षणही घेऊन आल्या. तोवर लॉरेटाला दिवस गेले होते. सगळं कसं जुळून आलं होतं.

मग सरकारचं पत्र आलं. बाळंतपण करारात येत नाही, दवाखान्यात एकही बाळंतपण झालं तर करार रद्द होईल.

अगाथाने हॅलवर्सन साहेबांना फोन लावला. तिला वाटलं, कुठल्या तरी कारकुनाचा घोळ असेल.

"अगाथा, बाळंतपण आम्ही तुमच्याकडे दिलंच नव्हतं," साहेब म्हणाले. "चाळिसाव्या पानावर आहे. बायकांना शहरात पाठवायची व्यवस्था तेवढी तुमच्याकडे आलीय."

"तुम्ही तंबाखू घेतलात."

"हो तर. लाल कापडातला. माझ्या ऑफिसात काचेच्या कपाटात ठेवलाय. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतो मी."

तो माणूस थट्टा करत नव्हता, खरंच आनंदाने सांगत होता. तिने फोन ठेवला. इतक्या गोड हाताने आपला गळा कापला गेला, आणि सुरी आपणच धार लावून दिली, हे तिला तिथे उभ्या उभ्या कळलं.

गावात कुणी तिला वाईट बोललं नाही, तेच वाईट होतं. दुकानात बायका बोलायच्या थांबत. दोघी शिकलेल्या पोरी दवाखान्यात पट्ट्या गुंडाळत बसत. सायलस एकदा दारात आला. "मी सांगितलं होतं," एवढंसुद्धा म्हणाला नाही. गुपचूप बसून चहा पिऊन गेला. तो बोलला असता तर बरं, असं तिला वाटलं.

वसंतात हंस आले. शाळेला सुट्टी पडली, सगळं गाव दलदलीत शिकारीच्या तंबूंत गेलं. लॉरेटाचा नवराही तिकडेच. विमान दुपारी यायचं होतं. लॉरेटा पोट सांभाळत दवाखान्यात आली आणि आईसमोरच्या खुर्चीत बसली.

"मी जाणार नाही," ती म्हणाली. "कोकुम आजी आहे, त्या दोघी आहेत. तंबूत होईन बाळंत. दवाखान्यात नको तर नको."

"त्या दोघी दवाखान्याच्या पगारावर आहेत. कळलं तर करार मोडतील."

"मोडू देत की."

"सायलसचं इन्सुलिन कोण आणणार? म्हाताऱ्यांच्या घरी औषधपाण्याला जाणाऱ्या तिघी जणी कुठे जातील? पुन्हा वर्षभरात पळणारी नर्स येईल, तिला कोण काय समजावणार?" अगाथा बोलत राहिली. सगळं खरं होतं, आणि बोलता बोलता तिच्या लक्षात आलं की आपण अगदी हॅलवर्सन साहेबांच्या सुरात बोलतोय.

टेबलावर तोच जुना कागद होता. फक्त वर आता गावाचं नाव छापलेलं होतं, आणि खाली पाठवणाऱ्या अधिकाऱ्याच्या सहीची जागा. सोबत जायला आईला परवानगी नव्हती. तो नियमही आता अगाथानेच पाळायचा होता.

लॉरेटाने कागद वाचला. ती रडली नाही.

"लहानपणापासून मला सांगत आलीस, गोऱ्या नर्सने तुला विमानात घातलं," ती म्हणाली. "मी माझ्या लेकराला काय सांगू, आई?"

अगाथाने पेन उचललं.

"सांग, तुझ्या आजीने घातलं," ती म्हणाली आणि तिने सही केली.