पुलाच्या भिंतीचं लिंपण

मुलांनो, भूकंपात काय पडलं, असं तुम्ही फोनवर विचारलंत. आपलं परसातलं दगडी कुंपण पडलं. नव्या पुलाची भिंत उभी राहिली, पण तिच्यापायी शेजारणीचं घर सुटायची वेळ आली होती. ते लिहून ठेवते.

पुलावर चढणारा रस्ता म्हणजे दोन उंच भिंतींमध्ये भरलेला मुरूम. भिंत काँक्रीटच्या मोठ्या फरश्यांची. प्रत्येक फरशीच्या पाठीला लांब लोखंडी पट्ट्या अडकवून त्या मुरमाच्या थरांत दाबलेल्या आणि फरश्यांमध्ये बोटभर फटी. या भिंतीला टेकून शेजारणीचा शेळ्यांचा गोठा आहे. तिच्या घरचे पूर्वी मेंढरं घेऊन फिरायचे. आता ती एकटीच असते.

नवरात्राआधी तिने रिवाजाप्रमाणे घर लिंपलं आणि त्याच हाताने गोठ्यातली पुलाची भिंतही लिंपून काढली. फटींतून शेळ्यांवर पाणी ठिबकायचं, म्हणून त्यांत चिंध्या आणि उरलेलं सिमेंट कोंबलं. मी पाहायला गेले तेव्हा भिंत सुबक दिसते, असंच म्हणाले.

मग परतीचा पाऊस भरपूर झाला. एका सकाळी मी चहा गाळत असताना फळीवरचे डबे वाजू लागले. बाहेर आले तोवर थांबलंही. तासाभरात गोठ्यात गर्दी झाली, कारण लिंपणाला आडव्याउभ्या सरळ भेगा पडल्या होत्या. पूल फुटला, असं सगळे म्हणू लागले. तिच्या दिराने टेम्पो आणून शेळ्या चढवल्या आणि मळ्यात चल म्हणाला. ती उंबऱ्यातून हलेना. एकदा दिराच्या दारात गेलं की इथली जागा गेली, हे तिला ठाऊक होतं.

दुपारी पुलाचे इंजिनिअर आले. त्यांनी खुरप्याने भेग खरवडली आणि हे कोणी लिंपलं, म्हणून विचारलं.

"म्या लिपलं. पाठची भिंत तशीच ठिवून सणाला बसावं का साहेब?"

"मावशी, फुटलंय ते तुमचं लिंपण. भिंत बराबर आहे."

मग त्यांनी समजावलं. पट्ट्या आणि मुरूम धक्क्यात एकत्र हलतात, फटी असल्याने फरश्याही थोड्या सरकू शकतात; म्हणूनच फटींच्या रेषेत लिंपण तडकलं. माझं सिमेंटने सांधलेलं कुंपण तसं हलू शकलं नाही. मात्र बुजवलेल्या फटींमागे पाणी साचलं होतं. भिजलेला मुरूम जड होतो, पुढच्या धक्क्यात तो भिंतीला बाहेर रेटेल.

"फटी मोकळ्या केल्या तर मी ऱ्हाऊ का न्हाई, तेवढं सांगा," ती म्हणाली.

भिंत कलली आहे का ते पाहायला त्यांनी तीन ठिकाणी ओळंबा धरला, वहीत लिहिलं आणि म्हणाले, राहा, पण गोठा भिंतीपासून दूर, गटाराच्या पलीकडे न्या.

आम्ही दोघी खुरपी घेऊन बसलो. पहिली चिंधी ओढताच गढूळ पाण्याची धार तिच्या लुगड्यावर आली. दीर अजून टेम्पोपाशी उभा होता. ती ओल्या पदरानेच त्याच्याकडे गेली आणि एकेक शेळी खाली उतरवून घेऊ लागली.