घाटावर राहिलेली धोकटी

भगवंतच्या उजव्या हाताची मधली दोन बोटं आता मुठीत येत नाहीत. चहाचा कप तो अंगठा आणि करंगळीच्या बेचक्यात धरतो. सलूनमध्ये एखाद्या नव्या गिऱ्हाइकाने विचारलंच, तर "दारात सापडली" म्हणून मोकळा होतो. बोरमळ्यातला माणूस मात्र तसं विचारत नाही, कारण ती बोटं कशात सापडली ते तिथे सगळ्यांना ठाऊक आहे.

बोरमळा हे पारगावच्या वरच्या अंगाला घोड नदीच्या काठचं गाव. भगवंतचे वडील वर्षाच्या धान्यावर गावाची डोकी करत. भगवंतने ते बंद केलं आणि मंचरला जिनेशशेठच्या गाळ्यात सलून टाकलं. दोन खुर्च्या, मोठा आरसा, भिंतीवर टीव्ही. गावाचं काम त्याने फक्त दहाव्यापुरतं ठेवलं. गावात कोणी गेलं की दहाव्या दिवशी वडिलांची हत्यारांची धोकटी खांद्याला लावून तो घाटावर जाई, भावकीची डोकी करी आणि परत मंचरची गाडी धरी.

लॉकडाऊन लागलं आणि सलूनचं शटर खाली आलं. दूध सुटलं, किराणा सुटला, खतांची दुकानं सुटली. सलून सुटेना. भगवंतने एकदा शेठला विचारून पाहिलं.

"भगवंता, शटरला हात लावू नकोस," शेठ मास्कमधून म्हणाले. "तुझ्यापायी माझं किराणा दुकान बंद करतील. भाड्याचं नंतर बघू."

राहायला तो बोरमळ्यातच होता. मग गावातच चोरून कामं करू लागला. कोणाच्या गोठ्यात, कोणाच्या पंपाच्या खोलीत. गावाने दक्षता समिती काढली होती. शिवेवर बाभळीच्या काटेरी फांद्यांचे फेस टाकले होते, रस्ता जेसीबीने खणला होता, आणि पाईपचे तुकडे घेऊन पोरं पहाऱ्याला बसत. त्यांचा म्होरक्या सुभाष. एरवी तो पिकअप चालवायचा. तीही उभी होती.

त्या पोरांनी भगवंतला एका गोठ्यात पकडलं. मालकाची अर्धी दाढी झाली होती. पोरांनी भगवंतला कॉलरला धरून बाहेर ओढलं, आरसा दगडावर आपटला आणि पाठीवर पाईप ओढले. मालक अर्ध्या दाढीनिशी घरात गेला आणि त्याने आतून कडी लावली.

"पुन्हा घावलास तर हात मोडीन," सुभाष म्हणाला.

घरी बायकोने, प्रतिभाने, पाठ शेकली. पाठीकडे तिने फारसं पाहिलं नाही. तिने त्याचे दोन्ही पंजे उलटेपालटे करून बघितले.

"हात शाबूत हायेत ना? मग जाऊ द्या. दुसरं काय हाय आपल्याकडं? सलून उद्या उघडंल. हात मोडला तर काय उघडायचं?"

तेव्हापासून भगवंत बाहेर पडला नाही. हाताची सवय जाऊ नये म्हणून सकाळी उठून पाथरीच्या दगडावर वस्त्र्याला धार लावी, आणि धार लावलेला वस्त्रा पुसून परत धोकटीत ठेवी.

मे महिन्यात गावातले एक म्हातारे वारले. त्यांना दोन मुलगे. थोरला सावळेराम वाशीच्या मार्केटात पाट्या उचलायचा. मार्केट बंद पडलं आणि तो खोलीत अडकून पडला. धाकटा हौशीराम घरी शेती बघायचा. थोरला नव्हता म्हणून आग धाकट्याने दिली. फोन आला तसा सावळेराम चालत निघाला. माळशेज चढून मढपर्यंत आला, तिथून पुढे गावोगाव त्याला शिवेवर अडवलं. "थांब, कुठून आलास?" मुंबई म्हटलं की दगड. एका ठिकाणी काट्याच्या फेसावर ढकलला. रक्ताळलेल्या पाठीने तो बोरमळ्याच्या शिवेवर आला, तर आपल्याच गावच्या पोरांनी "थांब" म्हटलं आणि त्याला शाळेत कोंडलं. शाळेच्या खिडकीतून त्याला स्वतःचं घर दिसत होतं. घरातलं रडणंही ऐकू येत होतं.

दहाव्याच्या आदल्या दिवशी भगवंतला बोलवायला खुद्द सुभाष आला.

"दहाव्याचं चालतंय. धर्माचं काम हाय."

"आणि हात?" भगवंत म्हणाला. "मोडायचा व्हता ना?"

"आता काय राव, जुनं काढतोस."

भगवंतला नाही म्हणता आलं असतं. पण गोठ्यातल्या त्या दिवसापासून त्याच्या हाताला माणसाचं डोकं लागलं नव्हतं.

घाटावर मोजकी माणसं होती. दोघा भावांचे चुलते जानकूबाबा, पाचसहा भाऊबंद, आणि राखणीला समितीची पोरं. बोरमळ्याची रीत अशी, की ज्याने आग दिली तो पहिला बसतो. त्याच्या डोक्यावर भावकी नवी टोपी ठेवते आणि तोच पुढे घरचा कर्ता. हौशीराम पायरीवर बसला. भगवंतने डोकं भिजवलं, वस्त्रा टेकवला आणि उजवी बाजू उतरवली. हात पूर्वीसारखाच चालत होता. त्याला बरं वाटलं.

तेवढ्यात उसाच्या बांधावरून सावळेराम आला. शाळेचं दार त्याने खांद्याने फोडलं होतं. एका पोराने पाईप आडवा धरला. सावळेरामने तोच पाईप हिसकावून पोराच्या तोंडावर हाणला. पोरगं तोंड धरून खाली बसलं आणि बोटांच्या फटीतून रक्त गळू लागलं. बाकीची पोरं मागे सरली.

"ऊठ हौश्या."

"दादा, आग मी दिलीया."

"मी काय मेलो व्हतो?"

"हितं न्हवतास, येवढंच म्हणतोय."

"मला यिऊ दिलं का कुनी? ऊठ म्हनतो."

हौशीराम उठू लागला तसा भगवंतने त्याचा खांदा दाबला. टेकलेला वस्त्रा डोकं अर्धं ठेवून उचलायचा नाही, हे त्याला वडिलांनी शिकवलेलं. आणि तो सावळेरामला जे बोलला, ते सलूनमध्ये रोज गर्दीत बोलायचा तसं, मान वर न करता बोलला.

"थांब जरा, सावळेरामभाऊ. नंबर येईल."

मढपासून शाळेपर्यंत त्या माणसाने "थांब" हाच शब्द ऐकला होता, हे भगवंतच्या ध्यानात आलं नाही.

लाथ बरगडीत बसली. वस्त्रा पायऱ्यांवरून खणखणत खाली पाण्यात गेला. भगवंत उठायला हात टेकतोय तोवर सावळेरामने त्या मनगटावर गुडघा रोवला, धोकटीतला पाथरीचा दगड उचलला आणि पायरीवर पसरलेल्या बोटांवर हाणला. एकदा नाही. पहिल्या घावाला भगवंत ओरडला.

हौशीराम भावावर पडला. दोघे गुडघाभर पाण्यात गेले. हौशीरामने सावळेरामचं डोकं पाण्यात दाबलं, सावळेरामने त्याच्या दंडाचा लचका तोडला. मांडलेले पिंड पायाखाली गेले. जानकूबाबा काठी घेऊन पाण्यात उतरले आणि दोघांनाही गुरासारखं बडवत वर आणलं.

मग सगळ्यांच्या नजरा हौशीरामवर गेल्या. हौशीरामचं डोकं एका बाजूने कोरं आणि दुसऱ्या बाजूने केसाळ. अशा डोक्याने पिंड ठेवता येत नाही आणि घरीही जाता येत नाही.

"भगवंता," जानकूबाबा म्हणाले, "तेवढं पुरं करतोस का?"

भगवंतने हात वर धरला. दोन बोटं भलत्याच दिशेला वळली होती आणि पंजा दुधीसारखा सुजत होता. जानकूबाबांनी मान फिरवली. सुभाषने शेजारच्या गावच्या न्हाव्याला फोन लावला. तिकडून उत्तर आलं, की तुमीच रस्ता खणलाय, आता उडत यिऊ का?

भगवंतने डाव्या हाताने पाण्यातला वस्त्रा काढला, खांद्यावरच्या पंच्याला पुसला आणि सावळेरामपुढे धरला.

"धर."

"मी?"

"मग कोन? माजा हात तुज्याकडंच गेलाय."

सावळेरामने इकडेतिकडे पाहिलं. त्याने वस्त्रा घेतला. हौशीराम गुडघ्यांत नखं रोवून बसला, डोळे मिटून. ज्याला थोड्या वेळापूर्वी बुडवत होता त्याच्याच हातात त्याने डोकं दिलं.

"तिरका धर," भगवंत म्हणाला. "उभा धरशील तर कातडं निघंल."

तरी निघालंच. कानामागून, कवटीवरून रक्ताच्या रेघा उतरल्या. डोकं झाल्यावर हौशीराम उठला आणि भावाला म्हणाला, "बस आता."

सावळेरामला बसावं लागलं. वस्त्रा हातात घेऊन हौशीरामने कसलीही घाई केली नाही. सावळेरामच्या डाव्या कानाच्या वरची चीर अजून दिसते. हात चुकून सरकला, की मुद्दाम, ते दोघांनाच माहीत. जानकूबाबांनी नवी टोपी हौशीरामच्या डोक्यावर ठेवली, तर ती लगेच लाल झाली. नव्याने केलेल्या पिंडाला कावळा मात्र ठेवल्याबरोबर शिवला.

जानकूबाबांनी धोतर, नारळ, शिधा पुढे केला. भगवंतने त्याला हात लावला नाही. वडिलांची धोकटी त्याने पायाने सारली, ती सावळेरामच्या मांडीला जाऊन लागली.

"आता गावाची डोकी तुजी. हात बसलाय तुजा."

आणि तो पंचा गुंडाळलेला हात छातीशी धरून चढ चढून गेला.

मंचरला दवाखान्यात तेव्हा मोडलेल्या बोटांकडे बघायला कोणाला वेळ नव्हता. कशीबशी पट्टी बांधली आणि हाडं वाकडीच जुळली. सलूनं सुटली तेव्हा भगवंत खुर्चीमागे उभा राहिला, कात्री उचलली आणि ती हातातून पडली. उरलेला दिवस तो गिऱ्हाइकांना परत पाठवत बसला. मग प्रतिभाने कात्री घेतली. आधी त्याच्याच डोक्यावर शिकली, मग लहान पोरांच्या. लोक हसले, काही उठूनही गेले, पण हळूहळू बसू लागले. भगवंत मागे उभा राहून सांगतो, ती करते.

बोरमळ्याच्या घाटावर तो पुन्हा गेला नाही. पुढच्या वर्षी दुसरी लाट आली आणि घाटावर दहाव्यामागून दहावे पडू लागले. बाहेरचा न्हावी येईना. वाशीहून सावळेरामला पुन्हा बोलावणं आलं नव्हतं. ती धोकटी त्याच्याच घरात पडून होती, कारण दुसरं कोणी तिला शिवायला तयार नव्हतं. लोक त्याच्या दारात गेले. एकदा नाही म्हणाला, दोनदा नाही म्हणाला. मग जाऊ लागला. न्हाव्याचं काम करतो म्हणून भावकीने त्याच्या घरची सोयरीक मोडली, आणि दहाव्याला मात्र त्यालाच हाक मारली.

एकदा तो धोकटी घेऊन मंचरला सलूनमध्ये आला. प्रतिभाच्या हातातली कात्री थांबली.

"धार लागत न्हाई," तो भगवंतला म्हणाला. "उद्या दहावा हाय. पाथरीचा दगड कसा धरायचा, तेवढं दाव."

"दगड कसा धरायचा ते तुला मी दावू?"

भगवंतने वाकड्या बोटांनी बाकाकडे खूण केली.

"थांब. नंबर येईल."

सावळेराम बसला. त्याच्यानंतर आलेली माणसं दाढ्या करून गेली, पोरं केस कापून गेली. प्रतिभाने दोनदा नवऱ्याकडे पाहिलं, तो टीव्ही बघत होता. दिवे लागले, शटर अर्धं खाली आलं, तेव्हा सावळेराम धोकटी उचलून खालून वाकून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी बोरमळ्याहून दोन माणसं मंचरच्या बाजारात आली. त्यांच्या तासलेल्या डोक्यांवर जागोजागी चिरांवर हळद दाबलेली होती. भगवंतने ती सलूनच्या दारातून पाहिली आणि आत जाऊन आरसा पुसायला घेतला.