शेजारच्या सरांचं फेअरली

आमच्या नागावात काहीही घडू शकतं, पण शेजारच्या सरांना एखादी गोष्ट 'खूप' आवडली असं कधी घडलं नाही. सर शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झाले आणि येताना एकच शब्द घरी घेऊन आले : फेअरली. म्हणजे बऱ्यापैकी. 'व्हेरी' म्हणजे त्यांच्या लेखी निव्वळ उधळेपणा. "माणसानं वर थोडी जागा शिल्लक ठेवावी रे," असं ते कुंपणापलीकडून मला रोज समजावत, आणि खरं सांगतो, मला त्याचा कंटाळा यायचा. काकूंनी उकडीचे मोदक केले, फेअरली गुड. मुलीचं लग्न झालं, जावई फेअरली नाइस. काकूंनी पर्यटकांसाठी वाडीत दोन खोल्या काढल्या, तेव्हा रस्त्यावरची पाटी सरांनी स्वतः रंगवली : 'फेअरली क्लीन रूम्स'. मुंबईच्या गाड्या फाटकाशी थांबायच्या, पाटी वाचायच्या आणि निमूट पुढे जायच्या. काकूंनी कपाळावर हात मारला. "अगं, पण कोपऱ्यात एखादं कोळिष्टक असतंच की. खोटं कसं लिहू?" सर म्हणाले. शेवटी मीच त्या पहिल्या शब्दावर बोगनवेल चढवली.

मग ते वादळ आलं आणि एका दुपारीत सरांची वाडी आडवी झाली. नारळ पाडायला येणारा गडी रडतच आला. "सर, कायच न्हाय ऱ्हायलं वो! लय नुकसान झालं." उन्मळलेल्या माडांकडे बघत सर म्हणाले, "फेअरली." मला त्यांचा असा संताप आला! काकू मात्र त्यांचा हात धरून उभ्या राहिल्या.

यंदा उन्हाळ्यात एका सकाळी सर छाती धरून ओटीवर बसले. मी गाडी काढली, दोघांना अलिबागच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरांनी विचारलं, "काका, किती दुखतंय?"

"फेअरली."

डॉक्टर निर्धास्त झाले. ॲसिडिटी असेल, जरा बसा म्हणाले. तशा काकू उसळल्या. "अहो डॉक्टर, आमची अख्खी वाडी झोपली ना, तेव्हा हे एवढंच म्हणाले होते! आधी ह्यांना बघा!" डॉक्टरांनी बघितलं आणि एकच धावपळ उडाली. त्या बाईमुळे सर वाचले.

घरी आले, पण निराळेच होऊन आले. दिवसभर ओटीवर पडून असतात. कसं वाटतंय विचारलं, तर "खूप थकलो रे," म्हणतात. परवा काकूंनी चहा दिला. एक घोट घेऊन सर म्हणाले, "खूप छान झालाय गं." उभ्या संसारात काकूंनी हे ऐकलं नव्हतं. त्या तडक आत गेल्या. मी कप ठेवायला गेलो, तर स्वयंपाकघरात ओट्याला धरून रडत होत्या.

"त्यांना सांग रे," त्या म्हणाल्या, "एकदा तरी फेअरली म्हणा म्हणावं."