चौथीची मॉनिटर

हेडमास्तरांनी भर प्रार्थनेत माझ्या फ्रॉकवरचा मॉनिटरचा बिल्ला ओढून काढला, तेव्हा खांद्याजवळचं कापड टरकन फाटलं. समोर अख्खी शाळा उभी होती.

“मुलांना कपबश्या विसळायला लावतेस? उद्या मलाही लावशील!”

“पाळी आली तर लावीन,” मी म्हणाले.

गुरुजींच्या चहाच्या कपबश्या रोज मुलींनीच विसळायच्या आणि तेवढा वेळ मुलांनी खेळायचं, असा तिथला रिवाज होता. मी मॉनिटर झाल्यावर सगळ्यांच्या पाळ्या लावल्या, एवढाच माझा गुन्हा.

बिल्ला वर्गातल्या दत्तूला मिळाला. गुरुजी वर्गात आले तसा तो ओरडला, “एक साथ...” मुलं उठली, पण एकही मुलगी जागची हलली नाही. शेजारची कमल तर खुशाल पाटी पुसत बसली. आम्ही छड्या खाल्ल्या, पण कपबश्यांना पुन्हा हात लावला नाही. शेवटी शिपाईच त्या विसळू लागला. मला बिल्ला परत मिळाला नाही, आणि चौथीनंतर शाळाही.

परवा बिबवेवाडीत आमच्या सोसायटीने शाळेत विद्यार्थी प्रतिनिधी झालेल्या मुलींचा माझ्या हस्ते सत्कार केला. बिल्ला लावायला पिन हातात घेतली आणि हे सगळं आठवलं. सेक्रेटरी कानाशी म्हणाले, “आजी, आज्ञाधारक राहा म्हणून सांगा त्यांना.”

“ते तुम्हीच सांगा,” म्हटलं आणि पोरींकडे वळले. “बिल्ला कुणी काढून घेतला तर घेऊ द्या. बोललेलं मागे घेऊ नका.”

छड्या खाल्लेल्या त्या मुलींपैकी आता कमल आणि मी, दोघीच आहोत.